मधलीची किटली

१२ नोव्हेंबर

धाकटे,

पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू देत. किटलीच्या कडीला बांधून पाठवतेय, म्हणजे दूध घ्यायचं तर आधी पत्र सोडावंच लागेल. वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. तीन वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही, आणि आताही समेटासाठी लिहितेय असं समजू नकोस. सासूबाई आपल्या दोघींबद्दल म्हणायच्याच, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. त्या गेल्या, पण पीळ अजून आहे.

कारण असं, की दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर, आपला वार्ताहर, काल सांगत होता की तुझ्या गोठ्यातलं एक वासरू मान वाकडी करून उभं असतं. एक कान खाली लोंबतो आणि सारखं एकीकडे कलतं म्हणे. मी म्हटलं, मालकिणीची मान वाकडी, वासराने कुणाकडून शिकायचं? तो हसला, पण मग म्हणाला, 'नाही वहिनी, खरंच बघवत नाही.' तेव्हापासून माझं लक्ष लागत नाही. काय घातलंस त्याला? तो गोण्यांतला नवीन खुराक आणलास ना? स्वस्तातलं कधी घेऊ नये, मी घसा कोरडा करून सांगायचे. वासरांचं तुला कळतं, दुधाचं मला कळतं, हे तुझंच वाक्य. मग हे कसं झालं?

मधलीची कालवड कशी आहे तेवढं सांग. ती मान वाकडी झालेली ती नाही ना? वार्ताहराला विचारलं तर म्हणतो, 'निळ्या पट्ट्याची ना? ती उड्या मारते.' तो पट्टा मी वेणीसारखा गुंफलाय, स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याच्या पट्ट्या काढून. पडदा तूच शिवला होतास, त्याची एक शिवण वाकडी आहे, ओळखलं असशील.

आणि हो, तू मधलीचं दूध फक्त तिच्या वासराला न पाजता सगळ्यांच्या बादल्यांत थोडं थोडं घालतेस, हेही मला कळलंय. ठरलं होतं ते असं नव्हतं. मधली माझ्याकडे, तिचं होईल ते वासरू तुझ्याकडे, आणि ते सुटेपर्यंत त्याच्या वाटणीचं दूध रोज एक किटली, असं ठरलं होतं. वाटणीच्या वेळी, तू पुलापलीकडे राहायला जायच्या आधी, गोठ्यात विटांचा ढीग पडला होता आणि ही बया बरोबर भिंत यायची त्याच जागी बसून रवंथ करत होती. दोघे भाऊ ढकलून ढकलून दमले, ती उठली नाही. म्हणून तर तिचं नाव मधली पडलं आणि म्हणून ती ना तुझी झाली ना माझी. असो. तिच्या दुधात गुण आहे हे तुलाही पटलंय, तर घाल सगळ्यांना. माझी हरकत नाही.

इकडे सगळं ठीक आहे.

थोरली


२० नोव्हेंबर

धाकटे,

किटली परत आली, घासूनपुसून लख्ख. कडीला काही नव्हतं. ठीक आहे. मी उत्तराची वाट बघत नव्हते.

मावशीची कास सुजलीय. तुला मावशी आठवते ना, दारातून येणाऱ्या प्रत्येकाला चाटणारी? आधी एक सड, दुसऱ्या दिवशी चारही. पण ताप नाही, चारा खाते, माझ्याकडे तशीच बघते. कासेचा आजार मी काय आज बघतेय? दगडी कास झाली की गाय मलूल होते, मान टाकते. ही तर आनंदात आहे. फक्त दूध गेलं. काल जे निघालं ते ताकासारखं पातळ, पिवळट, आणि काचेच्या पेल्यात धरून ठेवलं तर तळाला बारीक रेतीसारखं काहीतरी बसतं. बोटांनी चोळून बघितलं. रेती नव्हे, पण रेतीच वाटावी.

हे म्हणाले, 'हवा बदललीय, उतरेल.' यांच्या मते सगळं हवेनेच होतं. कंपाउंडर येऊन नेहमीचं इंजेक्शन देऊन गेला.

ही गोष्ट मी तुला का लिहितेय? दुसऱ्या कुणाला सांगावी असं माणूस नाही, म्हणून. मुलगी फोनवर 'आई, तू दमतेस, गाई विकून टाक' एवढंच म्हणते. शेजारणीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत संकलन केंद्रावर बोभाटा, आणि मग आमचं दूध वेगळं काढतील. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी ती. तू निदान कुणाला सांगणार नाहीस. तू कुणाशी बोलतच नाहीस.

मान वाकडी झालेल्याचं काय झालं? वार्ताहर दोन दिवस सुटीवर होता, बदली माणूस मुका आहे.

थोरली


२९ नोव्हेंबर

धाकटे,

इंजेक्शनाने काडीचा फरक नाही. मावशीपाठोपाठ बुटकी गेली, मग ती शिंगमोडी. एकीचीही मान खाली नाही. सगळ्या चरतात, शेपट्या हलवतात आणि कासेतून पाणी देतात. हात घातला की मला आता आधीच कळतं. दूध असलेला सड बोटांत भरतो. हे सड बोटांत येतात आणि तिथे कुणी नसतंच.

शेवटी डॉक्टरबाईंना बोलावलं. नवीन आल्यात, तुझ्या वयाच्या असतील. आत येण्याआधी बूट धुतले, बाहेर जाताना परत धुतले. मी मनात म्हटलं, आमच्या गोठ्याची एवढी किळस? नंतर कळलं का ते. प्रत्येक गाईचं दूध वेगवेगळ्या बाटलीत घेतलं, मधलीचंही. मी म्हटलं, 'ही धडधाकट आहे हो, हिची कशाला बाटली वाया घालवता?' त्या म्हणाल्या, 'सगळ्यांचं घेते, बाई.'

कास पुसायचं फडकं मागितलं. मी आपलं नेहमीचं दाखवलं, गरम पाण्याच्या बादलीतलं. रोज उकळते, तुला माहीत आहे. 'एकच?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'एकच. पण उकळलेलं.' 'सकाळी उकळता आणि मग त्याच फडक्याने पहिलीपासून शेवटचीपर्यंत?' मी हो म्हटलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि पहिली कोण, तर मधली. लाडकीचा मान म्हणून गेली कित्येक वर्षं मी धार तिच्यापासून सुरू करते. तूही तशीच करायचीस.

मग विचारलं, 'केंद्राशिवाय दूध आणखी कुठे जातं?'

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, 'कुठे नाही.'

का म्हटलं ते मला विचारू नकोस. तोंडातून गेलं. तुझं नाव सांगितलं असतं तर त्या तशाच तुझ्याकडे आल्या असत्या, बूट धुऊन, बाटल्या घेऊन, आणि तू म्हणाली असतीस, थोरलीने माझ्या दारात सरकारी माणसं धाडली. आधीच एकदा मी तुझ्या दारातलं नेलंय असं तुझं म्हणणं आहे. ते माझं म्हणणं नाही. तू माहेरी गेली असताना तो लाडोबा मी विकला, कबूल, पण दुधाच्या गोठ्यात गोऱ्हा पोसून काय आरती ओवाळायची होती का? आजही मी तेच करीन. पण परत आल्यावर तू रिकामं दावं हातात घेऊन उभी होतीस ते मला दिसतं, हेही लिहून टाकते.

मधलीचं दूध मी स्वतः पेल्यात धरून बघितलंय. पांढरंशुभ्र, दाट, तळाला काही नाही. म्हणून तुझी किटली चालूच ठेवली आहे. तिची काळजी करू नकोस.

थोरली


६ डिसेंबर

धाकटे,

आज किटली नाही. फक्त पत्र आहे. हे आत्ता, उभ्या उभ्या वाच.

कालची किटली आली असेल, तर ती ओत. बादल्यांत घालू नकोस. घातली असशील तर बादल्या उकळ. मधलीचं दूध कुणालाही देऊ नकोस, कालवडीलाही नाही. तुला फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. मग भाऊजींना लावला. सगळं सांगितलं. ते 'बरं' म्हणाले. भाऊजींचं 'बरं' मला ठाऊक आहे, घर पेटलंय सांगितलं तरी ते 'बरं' म्हणतील आणि जेवायला बसतील. म्हणून हे पत्र. वार्ताहराला शपथ घातलीय की तुझ्या हातात देऊनच गाडी पुढे काढायची.

बाटल्यांचा निकाल आला. आजारी गाईंच्या दुधात जंतू सापडले ते सापडलेच. पण सगळ्यात जास्त मधलीच्या दुधात. मी म्हटलं, बाटल्या बदलल्या असतील. डॉक्टरबाईंनी नंबर दाखवला. तिच्याच कानातला नंबर.

मायकोप्लाझ्मा म्हणतात त्याला. डॉक्टरबाईंनी ओट्यावर बसवून समजावलं. हा जंतू इतका लहान की त्याला अंगावर भिंतच नसते. बाकीच्या जंतूंना असते, आणि आपलं नेहमीचं इंजेक्शन ती भिंत फोडून त्यांना मारतं. इथे फोडायला काही नाहीच. तो कासेला, फुप्फुसाला, सांध्याला चिकटून बसतो आणि खाता खाता विष सोडतो. आपण खरचटलं की ते फेस येणारं औषध ओततो ना, ज्याने चरचरतं? त्याच जातीचं काहीतरी, थेंब थेंब, आतल्या आत. आणखीही एक विष काढतो म्हणे, ते कासेला सुजवतं. पोट भरायला बसतो आणि घर भाजून काढतो. गाईला मात्र काही कळतही नाही, किंवा कळतं आणि ती सांगत नाही.

'मग मधलीला का काही नाही?' मी विचारलं.

'काही काही जनावरं नुसती वाहतात,' त्या म्हणाल्या. 'स्वतः ठणठणीत राहतात. त्यांच्या दुधातून जातो. आणि वासरांच्या पोटात गेला की छातीत बसतो, गुडघ्यात बसतो, कानाच्या आत बसतो. मग ती मान वाकडी करतात.'

धाकटे, मी तिथेच बसून राहिले. त्यांना वाटलं मला चक्कर आली, पाणी दिलं. मी तुला खुराकावरून बोलले होते. त्या दिवशीचं पत्र कशाला बांधलं होतं ते तुला आठवत असेल.

वाटणीनंतर तीन वेत झाली तिची, तुझ्याकडे तीन वासरं आली, आणि प्रत्येकामागे महिनोन्महिने किटल्या. भांडलो तरी एक गोष्ट मी चुकवली नाही म्हणून मला केवढा अभिमान. एक दिवस किटली चुकली नाही. अंगात ताप असला तरी उठून आधी तुझी भरायची.

मी विचारलं, 'हे आलं कुठून?' म्हणाल्या, सांगता येणार नाही. एखादी विकत आणलेली गाय असेल, दहा वर्षांपूर्वीचीही असेल. भिंत घालायच्या आधीपासून असू शकेल. म्हणजे दोष कुणाचाच नाही. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला कुणाचा तरी दोष हवा होता, तुझा असता तर सगळ्यात बरं.

एवढं कर. दूध ओत.

थोरली


११ डिसेंबर

धाकटे,

तुझं नाव मी सांगितलं. काल डॉक्टरबाई तुझ्याकडे येऊन गेल्या असतील, तर तुला ते कळलंच आहे. मीच सांगितलं, दुसऱ्या कुणी नाही. हे म्हणत होते गप्प बस. 'वासरं बरी होतील, नाही तर नाही होणार, भावाच्या घरात आपण कशाला पथक घालायचं?' आयुष्यात पहिल्यांदा मी यांच्यावर ताट आपटलं. वासरं खोकतात, ती खोकलेली हवा दुसरी घेतात, पुढे त्या कालवडी मोठ्या होऊन दूध द्यायला लागल्या की तेच दूध. तुझा गोठा संपायला वेळ लागला असता, पण संपला असता. मला एवढं कळतं.

'आणि हे आधी का नाही सांगितलं?' डॉक्टरबाईंनी विचारलं. मी म्हटलं, 'आमचं बोलणं नाही.' त्या म्हणाल्या, 'बोलणं नाही आणि दूध जातं?' मी हो म्हटलं. त्यांना हे कसं समजणार? मला तरी कुठे नीट सांगता येतं.

आज सकाळी आमच्याकडच्या गेल्या; याला औषध नाही, जनावरं काढूनच टाकावी लागतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मावशी, बुटकी, शिंगमोडी, आणखी ज्यांच्या बाटलीत निघालं त्या सगळ्या. गाडीला लाकडी फळी लावली होती. मावशीने फळीवर चढता चढता हमालाचा हात चाटला. त्याने हात पुसला नाही, तसाच उभा राहिला.

मधलीला शेवटी ठेवलं होतं. सकाळी तिची धार काढली. दूध ओतूनच द्यायचं होतं, पण कास भरून गेली असती तर वाटेत ठणकली असती, म्हणून काढली. नवीन फडकं घेतलं, तिच्या एकटीसाठी. बादली भरली, वर तसाच फेस. मोरीत ओतली. पांढरं पाणी जाळीतून बराच वेळ जात होतं, आणि मला एकच येत होतं मनात की आत्ता गाडी येईल, किटली भरायची राहिली.

गाडीपाशी नेली तर ती बसली. तशीच, त्या दिवशीसारखी. भिंतीच्या कडेला, आपल्या जुन्या जागी, पाय दुमडून. हे ओढतात, हमाल ढकलतो, ती रवंथ करते. मला हसू आलं गं. हसता हसता मग जे काय झालं ते झालं. शेवटी मीच तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, 'चल गं बाई.' ती माझ्या आवाजावर उठली. दोघा पुरुषांना जमलं नाही ते मी केलं.

तुझ्याकडे काय झालं ते कळव. नाही कळवलंस तरी कळेलच. पण तुझ्याकडून कळलं तर बरं.

थोरली


१८ डिसेंबर

धाकटे,

तुझ्याकडे राहिलेली किटली आज आली. नेहमीसारखी लख्ख. उचलली तर आत खुळखुळलं. मला वाटलं झाकणाची कडी तुटून आत पडली.

कानातले बिल्ले. पिवळे, छोटे, वासरांचे. ओट्यावर ओतले, पण मोजले नाहीत. एकेकाला धुऊन पाठवलंस, कानाचा एक केसही ठेवला नाहीस. तू असंच करणार. मला शिव्या लिहून पाठवल्या असत्यास तर मी दोन उलट दिल्या असत्या आणि आपलं काहीतरी सुरू झालं असतं. याला मी काय उत्तर देऊ? संध्याकाळपर्यंत ते तसेच ओट्यावर पडले होते. हे बाजूने गेले, बघितलं, आणि जेवण नको म्हणाले.

वार्ताहराने सांगितलं, सगळी वासरं नेली, आणि मधलीच्या आधीच्या दोन्ही कालवडी, ज्यांतली मोठी आता विणार होती, त्याही. पलीकडच्या लांबच्या खोपटातल्या तुझ्या दोन गाई तेवढ्या चांगल्या निघाल्या. तू गाडीपाशी उभी होतीस आणि प्रत्येकाच्या तोंडात बोट देऊन त्याला फळीवर नेत होतीस, बादलीतून प्यायला शिकवताना देतेस तसं. एकाही वासराला हमालाने हात लावला नाही, तो म्हणाला.

आता मी जे लिहिणार आहे, त्यावर तू मला काय म्हणशील ते म्हण.

बिल्ल्यांत निळ्या पट्ट्यावालीचा बिल्ला नाही. असणारच नाही, तिला अजून बिल्ला मारला नव्हता. तीन महिन्यांची झाल्यावर मारतात. म्हणजे ती डॉक्टरबाईंच्या कागदावर नाही. वार्ताहराला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर तो पहिल्यांदाच बातमी सांगायला का कू करायला लागला. मग म्हणाला, 'वहिनी, तुमच्या धाकट्या जाऊबाईंच्या घरात, मागच्या खोलीत, बाजेला बांधलेलं काहीतरी मी बघितलं. मी काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.'

मी समजू शकते. ती उड्या मारते, तिची मान सरळ आहे. तिला काहीच झालेलं नाही, असं तू म्हणशील. मधलीला तरी काय झालं होतं?

ती सगळ्यात जास्त दूध प्यायली आहे. थेंबभर नाही, पोटभर, रोज, माझ्या हातचं. आता ती खोकली नाही तर आईसारखी होईल, ठणठणीत, दाट दुधाची, सगळ्यांत लाडकी. तू तिची धार पहिली काढशील. राहिलेल्या त्या दोन गाई, त्यांची वासरं, जे काही तू परत उभं करशील ते सगळं तिच्यामागून. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. तू तर परत तेच दूध उशाशी घेऊन बसली आहेस.

डॉक्टरबाईंना मी सांगितलेलं नाही. सांगू शकते, एक फोन. गेल्या वेळी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आता याहून वाईट माझ्या हातून काही व्हायचं नाही. या वेळी मी सांगणार नाही. कारण तो लाडोबा मी तुला न विचारता नेला होता. बरोबर केलं असंच मी म्हणत आले, आणि गोऱ्ह्याच्या बाबतीत बरोबरच होतं, पण तुला विचारायला हवं होतं. या वेळी विचारतेय.

ती कालवड दे. माझ्यासाठी नको, मला तोंड दाखवायची सोय नाही. तुझ्या गोठ्यासाठी दे. डॉक्टरबाईंना तू स्वतः बोलाव. त्या काही विचारणार नाहीत, मी त्यांना ओळखते आता.

किटली परत पाठवतेय. रिकामी आहे, उकळून घेतलीय. या कडीला याआधी मी बांधलेलं प्रत्येक पत्र चुकीच्या दुधाबरोबर आलं. हे एकटंच येतंय, एवढ्यावर तरी विश्वास ठेव.

थोरली


२६ डिसेंबर

धाकटे,

किटली मिळाली.

वार्ताहर आत आला नाही, दारातच ठेवून गेला. झाकण काढायला मला बराच वेळ लागला. मी आधी चहा केला, तो प्याले, मग कप धुतला. मग उघडली. निळा पट्टा होता, नीट गुंडाळून ठेवलेला, आणि त्याच्या आत चिठ्ठी. तीन वर्षांनी तुझं अक्षर. अजून तसंच उजवीकडे पडतं.

'जाऊबाई, ती अजून बोट चोखत होती.'

तेवढंच. बाकी काही नाही, सही नाही. मी कागद उलटूनही बघितला.

मी तुझं सांत्वन करणार नाही. मी करावं असं काही शिल्लक नाही, आणि तू ते घेणारही नाहीस. बरोबर केलंस असंही लिहिणार नाही, ते तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. एवढंच सांगते की पहाटे मला जाग येते आणि हात आपोआप उबेला मांडीखाली जातात, थंड हातांनी धार काढली तर गाय दचकते म्हणून. मग आठवतं. तसेच बसून राहते. तुलाही जाग येत असेल. भाऊजी झोपलेले असतील, इकडे हे झोपलेले असतात. त्या वेळी पुलाच्या दोन्ही बाजूंना आपण दोघीच जाग्या असतो, हे मला आधी कधी सुचलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, वासरांना लागलेलं कापड, दोर, सगळं जाळून टाका. चिठ्ठी मी जाळली नाही, ती कुठल्या वासराला लागलेली नाही. पट्टा ठेवावा असं फार वाटलं. धुऊन, उकळून, खुंटीला लावला तर कुणाला काय कळणार आहे? पण तुझ्याकडे मागितलं होतं ते मी स्वतः नाही केलं तर कोणत्या तोंडाने मागितलं, असं झालं. गोठ्याच्या मागे नेऊन जाळला. ती तुझी वाकडी शिवण शेवटपर्यंत दिसत होती. कापड जुनं होतं, लगेच पेटलं, आणि विझल्यावरही वेणी राखेत होती तशीच राहिली, एकेक पेड मोजता यावा अशी. मी काठीने जरा हलवली तेव्हा मोडली.

तुझी
थोरली